मुडा : एका जुन्या मापाचा अर्थ

“दहा मुडे भात पिकलें” हें वाक्य आजच्या विद्यार्थ्याच्या कानीं पडलें, तर त्याचा त्यास बोध होईलच असें नाहीं. किलो व क्विंटल हीं त्याच्या नित्य परिचयाचीं. मुडा हा शब्द मात्र उमेळ्यासारख्या भाताच्या गांवींही मागें पडत चालला आहे. म्हणून त्याचा विचार करणें अगत्याचें वाटतें.

मुडा हा मूळचा आंकडा नव्हे. ती एक वस्तु होय. धान्य ठेवण्यासाठीं भाताचा पेंढा बांधून जें वेष्टण करीत, तें मोठें असल्यास मुडा व लहान असल्यास मुडी. मोल्सवर्थच्या मराठी कोशांत हाच अर्थ सांपडतो. त्यांत ठराविक धान्य भरण्याची वहिवाट पडली आणि वेष्टणाचें नांव मापास मिळालें.

वसई १५३४ सालीं पोर्तुगीजांकडे गेली. पुढें वीस वर्षांनीं, १५५४ मध्यें, आंतोनियो नूनेस यानें हिंदुस्थानांतील वजनें, मापें व नाणीं यांची नोंद केली. तींत वसईचा मुडा तीन खंडी भाताचा दिला असून, तें भात सडल्यावर तांदूळ दीड खंडीहून थोडा अधिक भरतो, असें सांगितलें आहे. १८१३ सालच्या मिल्बर्नच्या व्यापारविषयक ग्रंथांत मात्र मुंबईचा मुडा २५ फऱ्यांचा आहे. पेंढ्याची वस्तु ती. गांवोगांव व काळोकाळ ती सारखी कशी राहावी?

येथेंच खरा प्रश्न उपस्थित होतो. चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, हें कोष्टक मुलें पूर्वीं तोंडपाठ म्हणत. परंतु कोष्टक पाठ असलें म्हणजे व्यवहार चोख झाला, असें नव्हे. करार भाताचा कीं तांदुळाचा, हें स्पष्ट नसेल, तर निम्म्याचा फरक पडे. शिवाय मापावर धान्याची जी रास चढते, ती शीग. ‘शिगोशीग’ हा शब्द तिच्यावरूनच आला. घेतांना शीग लावावी व देतांना माप सपाट करावें, एवढ्यानेंच गरिबाचें धान्य नकळत कमी होई.

म्हणून जुनीं मापेंच बरीं होतीं, हें मत आम्हांस मान्य नाहीं. १९५६ च्या कायद्यानें देशभर मेट्रिक वजनें-मापें ठरलीं, तेणेंकरून दुबळ्याच्या हक्कास आधार मिळाला. तथापि जुने शब्द टाकून देणें हेंही शहाणपणाचें नव्हे. मुडा व खंडी यांचा अर्थ न कळल्यास पूर्वजांचे दस्तऐवज आपणांस मुके होतील, आणि त्यांची शेती व त्यांचे कष्ट आपण कशानें मोजणार?

विद्यार्थी मित्रहो, घरीं जुनी पायली किंवा शेर असेल, तर वडीलधाऱ्यांच्या अनुमतीनें तांदुळानें भरा. एकदां सपाट करून तोला, एकदां शीग लावून तोला. दोन्ही वजनें वहींत लिहून त्यांची वजाबाकी करा. माप एकच असूनही जो फरक निघेल, तो मापाचा नसून मोजणाऱ्या हाताचा आहे. किलोचें युग आलें तरी तो हात आपलाच आहे. घेतांना व देतांना तो सारखा चालावा.