आधी घड्याळ पाहा

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यात एका सकाळी सासूबाईंचं तोंड अचानक वाकडं झालं, उजवा हात उचलेना. आम्ही घाबरून तळपाय चोळत बसलो. उशिरा सांगलीला नेलं, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "किती वाजता सुरू झालं?" मी बी.ए. झालेली, शाळेत मुलींना शिकवणारी. पण मला वेळ सांगता येईना! औषधाची वेळ टळून गेली होती.

आपल्या विट्यात मागावर कापड विणतात ना, तसंच काहीसं रक्तातही चालतं. जखम झाली की फायब्रिनचे धागे जाळं विणतात, त्यात रक्तपेशी अडकून गुठळी होते. काम झालं की शरीरच ते धागे कापतं. त्या कात्रीचं नाव प्लास्मिन. एरवी ही कात्री रक्तात मिटलेली असते.

गुठळी विरघळवणारी इंजेक्शनं ही कात्री उघडतात. हृदयासाठी स्ट्रेप्टोकायनेज, मेंदूसाठी अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज. मेंदूच्या झटक्यात ती साधारण साडेचार तासांच्या आत द्यावी लागतात. मात्र मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर हेच औषध घात करील, म्हणून आधी सीटी स्कॅन. घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका, तेही याच कारणाने.

ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडचं काम नेमकं उलट. ते कात्रीला धाग्याला भिडूच देत नाही. गुठळी टिकते, रक्त थांबतं. १९६२ साली जपानच्या उताको ओकामोतो यांनी पतीसह ते शोधलं. बाळंतपणातल्या रक्तस्रावावर त्याचा उपयोग व्हावा, ही बाईंची फार इच्छा. २०१७ साली २१ देशांतल्या २०,०६० बाळंतिणींवरच्या चाचणीचा निकाल आला: तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक-तृतीयांशाने घटतात. बाई मात्र २०१६ मध्येच गेल्या होत्या.

पाळीत अंगावरून फार जातं म्हणून हीच गोळी शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नका, बरं का! पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना आधी सांगा.

आणि तोंड वाकडं झालं, हातातलं बळ गेलं, बोबडी वळली, तर पहिल्यांदा घड्याळ पाहा. झोपेतून उठल्यावर दिसलं, तर रात्री शेवटी कधी धडधाकट पाहिलं ते आठवा. मग चोळत न बसता सीटी स्कॅनची सोय असलेलं इस्पितळ गाठा.

सासूबाई आता डाव्या हाताने जेवतात. मला बोल लावत नाहीत. पण ताट वाढताना माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जातेच.