विचित्र चित्रपट : इतिहासाचे दुर्लक्षित साधन

१/११
इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, पत्रे आणि बखरी डोळ्यांसमोर येतात. विसाव्या शतकाने त्यांत चित्रपटाची भर घातली. मात्र 'कल्ट' म्हणून ओळखले जाणारे, म्हणजे प्रदर्शनाच्या वेळी बहुधा नाकारले गेलेले आणि पुढे मोजक्या पण निष्ठावंत प्रेक्षकांनी जपलेले चित्रपट, निव्वळ विक्षिप्त करमणूक म्हणून बाजूला सारले जातात. हे योग्य नव्हे. समाज कशाला भ्याला, हे त्याने गौरवलेल्या चित्रपटांपेक्षा त्याने कापलेल्या, दडपलेल्या चित्रपटांतून अधिक स्पष्ट दिसते.

२/११
आरंभ १९२२ च्या जर्मनीपासून करावा. महायुद्ध आणि १९१८ ची साथ यांतून नुकत्याच सावरणाऱ्या त्या देशात मुर्नाऊने 'नोस्फेराटू' हा मूकपट केला. त्यातले पिशाच जहाजातून येते आणि सोबत उंदीर व प्लेग आणते. कथा ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'वरून परवानगीविना घेतलेली होती. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि १९२५ साली न्यायालयाने सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. आदेशाच्या तावडीतून निसटलेल्या प्रतींमुळेच तो चित्रपट आज पाहता येतो.

३/११
टॉड ब्राउनिंगचा 'फ्रीक्स' (१९३२) याहून अस्वस्थ करणारा आहे. सर्कशीत 'प्रदर्शनीय' म्हणून मिरवली जाणारी, जन्मतः वेगळ्या शरीराची खरीखुरी माणसे त्यात भूमिका करतात. सुंदर झुलाकलावती वारशासाठी एका ठेंगण्या कलावंताशी लग्न करते आणि त्याला विष देऊ लागते. देखणी माणसे क्रूर आणि 'विद्रूप' ठरवलेली माणसे परस्परांना धरून राहणारी, अशी ही उलटी मांडणी आहे.

४/११
ती असह्य का झाली? अवघ्या ५ वर्षांपूर्वी, १९२७ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'बक विरुद्ध बेल' खटल्यात 'अयोग्य' ठरवलेल्यांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाला मान्यता दिली होती. १९३३ साली जर्मनीने तसाच कायदा केला. दोहोंच्या मधोमध हा चित्रपट उभा आहे. चाचणी खेळांतील संतापानंतर सुमारे ९० मिनिटांचा चित्रपट ६४ मिनिटांवर आणला गेला. कापलेला भाग कायमचा हरपला. ब्रिटनमध्ये तो सुमारे तीन दशके बंद होता.

५/११
यावर एक आक्षेप रास्त आहे. असे चित्रपट दुबळ्यांचे प्रदर्शन मांडून गल्ला भरत नाहीत काय? काही प्रमाणात भरतात. 'फ्रीक्स' पुढे भडक शीर्षके लावून गावोगावी दाखवला गेला, हेही सत्यच. परंतु बखरीतला प्रत्येक आकडा खरा नसला तरी बखर त्या काळचे मन सांगते, म्हणून अभ्यासक ती टाकून देत नाही, पारखून घेतो. विचित्र चित्रपटालाही तीच कसोटी लावावी. तो निर्दोष आहे म्हणून नव्हे, बोलका आहे म्हणून वाचावा.

६/११
१९६६ साली चेकोस्लोव्हाकियात व्हेरा खितिलोवाने 'सेदमिक्रास्की', म्हणजे 'डेझीची फुले', हा चित्रपट केला. दोन तरुणी खातात, फसवतात आणि शेवटी मेजवानीने सजलेले दालन तुडवून टाकतात. एका लोकप्रतिनिधीने थेट संसदेत अन्नाच्या नासाडीबद्दल संताप व्यक्त केला. दिग्दर्शिकेने जणू हे आधीच ओळखले होते. चित्रपटात युद्धातील बॉम्बफेकीची दृश्ये आहेत, आणि तो अर्पण केला आहे तो केवळ तुडवलेल्या भाजीपाल्याने व्यथित होणाऱ्यांना. सांडलेल्या अन्नाने खवळणारी आणि उद्ध्वस्त शहरांपुढे निर्विकार राहणारी सत्ता याहून नेमकी क्वचितच टिपली गेली असेल.

७/११
जपानचा 'हाउसु' (१९७७) वरवर पाहता निव्वळ धुडगूस वाटतो. पियानो एका मुलीला गिळतो, घरच पाहुण्यांना खाते. बऱ्याच कल्पना दिग्दर्शक नोबुहिको ओबायाशीच्या लहान मुलीच्या आहेत. पण त्या घरातली मावशी युद्धावर गेलेल्या वाग्दत्त वराची वाट पाहत झुरलेली आहे. अणुस्फोटाचा ढग पाहून एका मुलीला साखरेचे 'म्हातारीचे केस' आठवतात. ओबायाशी १९३८ साली हिरोशिमा प्रांतात जन्मला. युद्ध सोसलेली पिढी आणि युद्ध न पाहिलेली पिढी यांतली दरी त्याने भयपटाच्या वेषात मांडली.

८/११
भारतातही अशी परंपरा आहे. कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' (१९८८) अजमेर-पुष्करच्या परिसरात घडतो. धर्म, जाहिरात, विज्ञान आणि बेडूक यांची त्यात अशी सरमिसळ आहे की कथा सांगू जाता हाती लागत नाही. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशांतून झालेला हा चित्रपट देशातील चित्रगृहांत पोचला तो २०१४ साली. मधली २६ वर्षे तो हातोहाती फिरणाऱ्या प्रतींवर जगला.

९/११
याच कमल स्वरूप यांचे नाव आणखी एका चित्रपटाशी जोडलेले आहे. विजय तेंडुलकरांच्या नाटकावर 'युक्त' सहकारी संस्थेने १९७६ साली केलेल्या मराठी 'घाशीराम कोतवाल'च्या चार दिग्दर्शकांपैकी ते एक. मणी कौल, के. हरिहरन आणि सईद मिर्झा हे इतर तिघे. पेशवाईतील पुण्यावरचा, मराठी वादविवादांच्या केंद्रस्थानी राहिलेल्या नाटकावरचा हा चित्रपट जपला कोणी? बर्लिनच्या 'आर्सेनाल' संस्थेने. त्याचे डिजिटल रूपही तिथेच सिद्ध झाले.

१०/११
ही बाब अभिमानाची नाही. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पी. के. नायर यांनी तेथे आयुष्य वेचले. तरीही 'आलम आरा'ची (१९३१) एकही प्रत उरलेली नाही आणि फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची काही रिळेच शिल्लक आहेत. अग्रमानाच्या कृतींची ही गत, तर विक्षिप्तांची काय असणार? राजवाड्यांनी वाड्यांच्या माळ्यावरची दप्तरे कसरीच्या तोंडून सोडवली. तेव्हा या कागदावर थोर पुरुषाचे नाव आहे की सामान्य कुळाचे, हे पाहून त्यांनी निवड केली असती, तर मराठ्यांचा इतिहास किती दरिद्री राहिला असता!

११/११
म्हणून इतिहासाच्या तरुण अभ्यासकाने महिन्याला एक याप्रमाणे वर्षभरात असे बारा चित्रपट अवश्य पाहावेत आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत. हा कोणी कापला वा दडपला? त्या सुमारास त्या देशात काय घडत होते? आणि ही प्रत वाचवली कोणी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे भूतकाळ समजावून देतील. तिसऱ्याचे उत्तर वर्तमानाची जबाबदारी दाखवील. अभिरुचीच्या चाळणीतून गाळून साधने जपली, तर पुढच्या पिढीच्या हाती इतिहास येणार नाही, केवळ त्याची सभ्य आवृत्ती येईल.

(समाप्त)