‘इथला’ अनुभव कोणी द्यावयाचा?

माहूर, किनवट किंवा हिमायतनगर येथून पदवीचे अथवा आय.टी.आय.चे प्रमाणपत्र घेऊन पुण्यास गेलेल्या तरुणाला चाकण-भोसरीच्या कारखान्याच्या दारात जो पहिला प्रश्न विचारला जातो, तो त्याच्या शिक्षणाविषयीचा क्वचितच असतो. ‘इथे कुठे काम केले आहे का?’ हा तो प्रश्न. उत्तर नकारार्थी आले की अर्ज बाजूला पडतो. काम नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून काम नाही, हे चक्र सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यातील ‘इथे’ या शब्दाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. वस्तुतः पुण्यात वाढलेल्या मुलालाही प्रारंभी अनुभव नसतोच. परंतु त्याचा मामा कोठे तरी सुपरवायझर असतो, शेजारी कोणाच्या तरी ओळखीचा असतो आणि मुख्य म्हणजे तो घरचे जेवून सहा महिने वाट पाहू शकतो. माहूरहून आलेल्याजवळ यांपैकी काहीच नसते.

मालकाच्या बाजूने पाहिले तर हा प्रश्न केवळ आकसापोटी विचारला जातो असे म्हणता येणार नाही. दहाबारा कामगारांवर वर्कशॉप चालविणाऱ्याने महागडे यंत्र कर्ज काढून घेतलेले असते. नवख्या हाताची एक चूक म्हणजे मोडलेले हत्यार, वाया गेलेला माल आणि मोठ्या कंपनीने परत पाठविलेला लॉट. शिवाय समोरचा मुलगा दिवाळीला गावी गेला तर परत येईलच, याची शाश्वती त्याला नसते. म्हणून तो ‘इथला’ अनुभव मागतो. त्याला त्यातून कौशल्य थोडे आणि हमी अधिक हवी असते. दुसऱ्या कोणा मालकाने हा मुलगा वर्षभर सांभाळला, एवढी गोष्ट त्याला पुरते.

अर्थशास्त्रात या प्रश्नाची मांडणी जुनी आहे. गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने मानवी भांडवलावरील आपल्या १९६४ च्या ग्रंथात कामावरील प्रशिक्षणाचे दोन प्रकार मानले. एक प्रशिक्षण असे, की ज्याचा उपयोग फक्त त्याच कारखान्यात होतो. दुसरे असे, की जे कोठेही उपयोगी पडते. पहिल्याचा खर्च मालक उचलतो. दुसऱ्याचा उचलत नाही, कारण शिकून तयार झालेला कामगार थोडा अधिक पगार मिळताच शेजारच्या कारखान्यात निघून जातो. नवागताकडे मागितला जाणारा अनुभव बहुतांशी या दुसऱ्या प्रकारात मोडतो. पाळीची वेळ सांभाळणे, मापे अचूक घेणे, सुरक्षिततेचे नियम अंगवळणी पडणे, सुपरवायझरची अर्धवट हिंदी-इंग्रजी समजणे, हे सारे एका ठिकाणी शिकले की सर्वत्र चालते. साहजिकच ते प्रत्येकाला हवे असते आणि कोणालाही शिकवावयाचे नसते. प्रत्येक कारखाना दुसऱ्याने शिकविलेला माणूस शोधत बसतो.

हा खर्च मग कोण सोसतो? बेकरच्या हिशेबात तो कामगार सोसतो, शिकण्याच्या काळात कमी वेतन घेऊन. परंतु घरून डबा घेऊन निघणाऱ्याला कमी वेतन परवडते, तसे परगावच्या मुलाला परवडत नाही. त्याला खोलीची अनामत, भाडे आणि मेसचे पैसे रोख मोजावे लागतात, आणि ते येतात कोरडवाहू जमिनीतील कापूस-सोयाबीनच्या विक्रीतून. एका शिक्षित मुलाला शहरात तीन महिने बसवून ठेवणे म्हणजे अशा घराच्या दृष्टीने पुढल्या हंगामाच्या बी-बियाण्याला हात घालणे होय. म्हणून तो फार थांबत नाही. चौथ्या आठवड्यात तो कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून नाव नोंदवतो, सुरक्षारक्षकाचा गणवेश चढवतो किंवा मोटारसायकलवरून घरोघर पार्सले पोहोचवू लागतो. यातली खरी हानी पुढे दिसते. दोन वर्षांनी त्याच्याजवळ ‘इथला’ अनुभव असतो, पण तो ज्या कामासाठी शिकला त्या कामाचा नसतो. फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला मुलगा कागदोपत्री हेल्परच राहतो.

मुंबईच्या गिरणगावाने हा प्रश्न एका वेगळ्या रीतीने सोडविला होता. कोकणातून, साताऱ्याकडून आलेल्या तरुणाला कापड गिरणीचा अनुभव असण्याचे कारणच नव्हते. त्याला गावचा जॉबर हाती धरी. गावकऱ्यांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत त्याला पथारीपुरती जागा मिळे, खानावळवाली बाई पगार होईपर्यंत थांबे, आणि तो रोज सकाळी बदली कामगार म्हणून गिरणीच्या दारात उभा राही. कोणी गैरहजर असेल त्या दिवशी त्याला काम मिळे, आणि असे तुटक दिवस जमवीत तो विणकर होई. ही व्यवस्था आदर्श मुळीच नव्हती. जॉबर दस्तुरी घेई, मर्जीतल्यांना आधी लावी, आणि काही जण वर्षानुवर्षे बदलीच राहत. दलित कामगारांना तर विणकामाच्या खात्यात शिरणेच कठीण होते. तरीही ती एक शिडी होती, आणि तिच्या खालच्या पायरीवर अनुभवाचा दाखला मागितला जात नव्हता.

मराठवाड्याला अशी शिडी मुंबईत किंवा पुण्यात फारशी कधी लाभली नाही, याचे कारण इतिहासात आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्यात होता. किनवट तालुका तर आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि त्या वर्षी तो नांदेडला जोडला गेला. ज्या दशकांत कोकणी माणूस परळ-लालबागेत घट्ट पाय रोवीत होता, त्या दशकांत इकडच्या माणसाच्या दृष्टीने मोठे शहर म्हणजे हैदराबाद. ओळखीपाळखीचे जाळे पिढ्यांनी विणले जाते. पदवीप्रमाणे ते तीन वर्षांत हाती येत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतील बॉस्टनजवळच्या एका गावी नोकरदारांची पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीतून मिळाल्याचे आढळले. ती पाहणी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. जाहिरातींच्या देशात हे, तर आपल्याकडची गोष्ट निराळी सांगावयास नको.

‘इथला’ कोण, हा वादही या प्रदेशाला नवा नाही. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरीसाठी मुलकी असणे आवश्यक होते, आणि बाहेरच्याला मुलकी ठरण्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याची अट होती. या नियमाच्या अंमलबजावणीवरून १९५२ मध्ये हैदराबादेत विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले व गोळीबार झाला. पुढे महाराष्ट्रानेही उद्योगांत ८० टक्के स्थानिकांना घ्यावे असे धोरण आखले आणि तेथेही स्थानिकत्वाची कसोटी १५ वर्षांच्या वास्तव्याचीच ठेवली. त्या धोरणानुसार माहूरचा मुलगा चाकणमध्ये पूर्णपणे स्थानिक ठरतो! कारखान्याच्या दारात मात्र तो परकाच असतो. वास्तव्याची अट कितीही जाचक असली तरी ती लिहिलेली होती, वर्षे मोजता येत होती, निकालाविरुद्ध न्यायालयात जाता येत होते. अनुभवाची अट ही प्रत्येक सुपरवायझरच्या मनात असते. तिच्याविरुद्ध दाद मागणार कोठे?

निदान एका प्रांताने या अदृश्य अटीला कायद्याच्या कक्षेत आणण्याचे धाडस केले आहे. कॅनडात स्थलांतरित होणाऱ्या सुशिक्षितांना, आणि त्यांत पुण्या-मुंबईचे अनेक मराठी अभियंतेही असतात, ‘कॅनडातील अनुभव’ हा शब्दप्रयोग चांगलाच परिचित आहे. तेथे इंजिनिअर टॅक्सी चालवितात, ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिच्यातील अन्याय बोथट झाला. ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्ये अशी सरसकट अट हा प्रथमदर्शनी भेदभाव ठरतो असे धोरण जाहीर केले. २०२१ च्या कायद्याने परवानाप्राप्त व्यवसायांच्या नियामक संस्थांना ही अट घालण्यास मनाई केली, आणि १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना नोकरीच्या जाहीर निवेदनात ती छापता येत नाही. जाहिरातीतून शब्द काढला म्हणून मुलाखत घेणाऱ्याच्या मनातून तो जातो असे नाही, हे खरेच. परंतु उमेदवार निदान मुलाखतीपर्यंत पोहोचतो, आणि तेथे त्याने यापूर्वी काय केले हे सांगण्याची संधी त्याला मिळते.

कारण ‘अनुभव नाही’ हे विधान बहुधा खोटेच असते. माहूरला नवरात्रात आणि दत्तजयंतीला भाविकांची जी रीघ लागते, तिच्यात प्रसादाच्या आणि तांबुलाच्या दुकानांतून, लॉजमधून, वाहनतळांवर हीच मुले राबतात. हजारो रुपयांची रोकड सांभाळणे, मालाची साठवण, चिडलेल्या गिऱ्हाइकाशी गोड बोलणे, चौदा तास उभे राहणे हे सारे ती सोळाव्या वर्षीच शिकलेली असतात. कोणी चुलत्याच्या पंप-दुरुस्तीच्या दुकानात मोटारी गुंडाळल्या असतात; कोणी जिनिंगच्या हंगामात वजनकाट्यावर नोंदी केल्या असतात. शहरातील विद्यार्थ्याने दोन महिने कंपनीत काढले तर त्याची ‘इंटर्नशिप’ होते आणि अर्जात तिला स्वतंत्र मथळा मिळतो. गावातील मुलाच्या तीन हंगामांच्या कामाला नावच नाही. भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक नाही, हजेरीपट नाही, पगाराची चिठ्ठी नाही. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम संकेतस्थळ सुरू केले, परंतु मालकाला दाखविता येईल असा कामाचा दाखला त्यातून हाती येत नाही.

राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेने ही उणीव भरून निघावयास हवी होती. बारावी उत्तीर्णास ६,०००, आय.टी.आय. व पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन, मुदत सहा महिने; पुढे ती आणखी पाच महिन्यांनी वाढविण्यात आली. विद्यावेतनाची रक्कम सरकारने दिली, म्हणजे बेकरने दाखविलेला तिढा तत्त्वतः सुटला. प्रत्यक्षात माहूरसारख्या तालुक्यात खासगी उद्योगच नाहीत. म्हणून प्रशिक्षणार्थी पंचायती, शाळा आणि कचेऱ्यांतून विसावले. मुदत संपताच त्यांनी कायम करण्याची मागणी घेऊन आंदोलने केली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तहसीलकचेरीत नोंदी केल्याचा दाखला चाकणच्या कारखान्यात कोणी वाचणार नसेल, तर त्या दाखल्याचे मोल त्याच कचेरीपुरते उरते, आणि मग माणूस त्याच कचेरीची खुर्ची मागतो. योजना मुलाच्या गावी न राबविता मुलासोबत पुण्या-नांदेडला गेली असती, विद्यावेतनात खोलीचे भाडे धरले असते, तर चित्र निराळे दिसले असते.

कायदा तर १९६१ पासून अस्तित्वात आहे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम आणि त्याखालील २०१९ चे सुधारित नियम यांनुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेस एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. येथे अनुभवाची अट संभवतच नाही. शिकाऊ म्हणजेच अनुभव नसलेला. अनेक ठिकाणी या मुलांना स्वस्त मजूर म्हणून राबविले जाते, ही तक्रार रास्त आहे आणि तिचा उपाय तपासणीत आहे. पण कृष्णूर, नांदेड व लातूरच्या औद्योगिक वसाहतींत या मर्यादेत बसणाऱ्या आस्थापना किती, त्यांनी किती जागा भरल्या आणि त्यांत किनवट-माहूरची मुले किती, ही यादी प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लागण्यास कोणता अडसर आहे?

लातूरचा रेल्वे डबा कारखाना हे या संदर्भातले ताजे उदाहरण आहे. त्याची पायाभरणी २०१८ मध्ये झाली, डिसेंबर २०२० मध्ये तेथे डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला, आणि पुढे वंदे भारत गाड्यांच्या बांधणीसाठी तो रशियन भागीदारी असलेल्या कंपनीकडे सोपविण्यात आला. रेल्वेचे डबे बांधण्याचा अनुभव मराठवाड्यात कोणाजवळ असणार? तो चेन्नईत पेरांबूरला आहे, कपुरथळ्याला आहे. तेथील कुशल कामगार येतील, यावेत. त्यांच्यावाचून काम उभे राहणार नाही. मात्र त्या प्रत्येक कुशल वेल्डरच्या हाताखाली या दोन जिल्ह्यांतील किती शिकाऊ उभे राहतील, त्यांची राहण्याची सोय कोण करील आणि वर्षअखेर त्यांच्या दाखल्यावर कोणाची सही असेल, हे भरतीची पहिली जाहिरात निघण्याआधी ठरावयास हवे. जाहिरात निघाल्यावर तिच्या तळाशी अनुभवाची ओळ असेल, आणि मग माहूरच्या मुलाला लातूरही पुण्याइतकेच परके होईल.