भुताची गोष्ट कुमारांच्या हाती द्यावी

बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेली, किंवा या वयाने आपलीशी केलेली भूतकथा प्रत्येक काळात आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली आहे. तिच्यावरचे आक्षेप मुख्यतः तीन. ती कोवळ्या मनात भीती रुजवते, अंधश्रद्धेला खतपाणी घालते आणि हिंसेची व बीभत्साची चटक लावते. हे आक्षेप घेणाऱ्यांत प्लेटोसारखे तत्त्वज्ञ आहेत, जॉन लॉकसारखे शिक्षणविचारक आहेत आणि आजचे सुजाण पालकही आहेत. मुलांच्या हिताची कळकळ या सर्वांना आहे, म्हणून त्यांचे म्हणणे उडवून लावणे योग्य नाही. ते एकेक करून तपासले पाहिजे. तिन्ही आक्षेपांत सत्याचा अंश आहे, पण ‘म्हणून भूतकथा नको’ हा त्यांवरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

पहिला आक्षेप भीतीचा, आणि तोच सर्वांत जुना. देव वेष पालटून रात्री हिंडतात असल्या गोष्टी सांगून आयांनी मुलांना भेदरट करू नये, असे प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात बजावले आहे. लॉकने १६९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिक्षणविषयक ग्रंथात मुलांना बागुलबुवा दाखवणाऱ्या नोकरचाकरांवर ठपका ठेवला. लहानपणी मनावर उमटलेले हे ठसे मोठेपणीही पुसले जात नाहीत आणि माणूस अंधाराला कायमचा भिऊ लागतो, असे त्याचे निरीक्षण होते. या विचाराच्या मुळाशी एक गृहीत आहे. भीती बाहेरून, कानावाटे आत येते. ती वाट बंद केली की मूल निर्भय होते.

या गृहीताला उत्तर दिले चार्ल्स लॅम या इंग्रज निबंधकाराने. रात्रीच्या भयांवरचा त्याचा निबंध १८२१ चा. लॅम स्वतः या भीतीत होरपळलेला होता. वडिलांच्या कपाटातल्या बायबलच्या सचित्र इतिहासात एक चेटकीण मृत सॅम्युएलला उठवत असल्याचे चित्र होते आणि त्या चित्राने त्याच्या बालपणीच्या कित्येक रात्री नासवल्या. एवढे सोसलेल्या माणसाने पुस्तकाला दोषी ठरवले असते तर नवल नव्हते. त्याने तसे केले नाही. त्याने एका ओळखीच्या मुलाचे उदाहरण दिले. त्या मुलाला कटाक्षाने भुताखेतांपासून दूर वाढवले होते, त्याच्या कानावर हडळीचे नावही पडू दिले नव्हते. तरीही अंथरुणावर पडल्यावर तेच सारे भयाचे जग त्याला आतूनच सापडत होते. लॅमचा निष्कर्ष असा, की गोष्ट भीतीला जन्म देत नाही, फार तर तिला चेहरा देते.

येथे वयाचा प्रश्न निर्णायक ठरतो. प्लेटो आणि लॉक अगदी लहान मुलांबद्दल बोलत होते. त्या वयापुरता त्यांचा आक्षेप मान्यच करावा, कारण त्या मुलाला गोष्ट ऐकवली जाते, ती त्याने निवडलेली नसते. चौदा वर्षांची मुलगी ग्रंथालयाच्या फडताळातून भूतकथा स्वतः उचलते, नको वाटली तर मिटते, हवी तेव्हा पुन्हा उघडते. भीती किती घ्यायची हे तिच्या हाती असते. मृत्यूची, एकटेपणाची, बदलत्या शरीराची धास्ती या वयाला असतेच. तिला आदि, मध्य आणि अंत असलेला आकार मिळाला की ती सोसण्याजोगी होते. बिननावाच्या भीतीला अंत नसतो, गोष्टीतल्या भीतीला शेवटचे पान असते.

दुसरा आक्षेप अंधश्रद्धेचा. महाराष्ट्रात तो विशेष गांभीर्याने घ्यायला हवा. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नेते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे हा या कायद्याने गुन्हा ठरवला. भुताच्या नावाने आजही बायामाणसांचे हाल होतात, मग मुलांना भुताच्या गोष्टी कशाला, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. पण कायद्याचा रोख कोणावर आहे ते नीट पाहावे. तो गोष्ट सांगणाऱ्यावर नाही, भूत उतरवण्याचा दावा करून जिवंत माणसाला छळणाऱ्यावर आहे. आणि हा भेद आपल्याकडच्या सर्वांत प्रसिद्ध भूतकथेने फार पूर्वीच केलेला आहे.

ती कथा वेताळपंचविशी. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त ती गुंफली, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती मराठी गद्यात आली आणि विसाव्या शतकात ‘चांदोबा’ मासिकाने ती घराघरांत नेली. खांद्यावर प्रेत, हाती तलवार घेऊन स्मशानातून निघालेला राजा हे चित्रकार शंकर यांचे चित्र कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांपुढे अजून आहे. मूळ पंचवीस कथा संपल्यावरही त्याच चौकटीत नव्या कथा रचून ‘चांदोबा’ने हे सदर दशकानुदशके चालवले.

या कथेची चौकट तपासण्यासारखी आहे. एक भिक्षू दरबारात येऊन राजाला रोज एक फळ देतो. राजा ते भांडारात टाकून देतो. एके दिवशी पाळलेले माकड फळ फोडते तेव्हा आतून रत्न निघते. भारावलेला राजा भिक्षूचे काम करायला तयार होतो: स्मशानातल्या झाडावर लटकणारे प्रेत आणून द्यायचे. त्या प्रेतात वेताळ आहे. तो वाटेत गोष्टी सांगतो, प्रश्न विचारतो, राजा उत्तरला की परत झाडावर जातो. अखेर एका प्रश्नाला राजाकडे उत्तर नसते. तो गप्प राहून चालत राहतो आणि त्याच्या धीरावर प्रसन्न होऊन वेताळ त्याला सावध करतो, की भिक्षू तुझाच बळी देणार आहे. म्हणजे या भूतकथेत भूत तारणारे आहे आणि घातकी आहे तो सिद्धीसाठी नरबळी द्यायला निघालेला, साधूच्या वेषातला जिवंत माणूस. फुकट मिळालेल्या रत्नांनी डोळे दिपू देऊ नयेत, वेषावर विश्वास टाकू नये आणि कोणत्याही प्रश्नावर स्वतःच्या बुद्धीने निवाडा करावा, हे या कथेचे शिक्षण. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरात ही कथा वाचली तरी ती तिथे शोभेल.

जेन ऑस्टिनने हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने सांगितली. ‘नॉर्दॅंगर ॲबी’ ही तिची कादंबरी तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस बाहेर आली. तिची सतरा वर्षांची नायिका कॅथरीन भयकथांच्या नादाने जुन्या वाड्यातले काळे कपाट रात्री उघडते. आत कागदांची गुंडाळी सापडते, तेवढ्यात मेणबत्ती विझते आणि सारी रात्र धडधडत जाते. सकाळी पाहावे तर ती धोब्याची बिले! वाड्याच्या मालकाने बायकोचा घात केला असावा हा तिचा संशयही खोटा ठरतो. पण आपण समजत होतो तेवढी ती श्रीमंत नाही हे कळताच तोच मालक तिला सोबतीशिवाय घराबाहेर काढतो. भय चुकीच्या जागी होते, क्रौर्य मात्र खरे होते. कपाटातल्या भुताला भ्यायचे कारण नाही आणि पैशावर माणूस तोलणाऱ्यापासून जपायला हवे, ही समज कॅथरीनला त्या वाड्यातल्या अनुभवातून येते. श्रद्धेला गोष्टीबाहेरही होकार लागतो, कथा तो पान उलटेपर्यंतच मागते. हा फरक कळण्यासाठी भूतकथा वाचाव्याच लागतात.

तिसरा आक्षेप हिंसेचा. १९५४ हे या वादातले कळीचे वर्ष. अमेरिकेत फ्रेडरिक वर्टम या मानसोपचारतज्ज्ञाचे भयचित्रकथांविरुद्धचे पुस्तक त्या वर्षी आले आणि कॉमिक्सच्या प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. चालती प्रेते, रक्तपिपासू पिशाच्चे आणि नरलांडगे तिने चित्रकथांतून हद्दपार केले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ग्लासगोच्या गॉर्बल्स भागात शेकडो मुले चाकू आणि काठ्या घेऊन दफनभूमीत शिरली. दोन मुलांना खाणाऱ्या, लोखंडी दातांच्या पिशाच्चाला ती शोधत होती. प्रत्यक्षात शहरातले एकही मूल बेपत्ता नव्हते. दोष अमेरिकन कॉमिक्सना दिला गेला आणि १९५५ मध्ये ब्रिटनने बालकांना घातक प्रकाशनांविरुद्ध कायदा केला.

पुढे काय निष्पन्न झाले? लोखंडी दातांची जेनी ही ग्लासगोच्या लोककथेतली जुनी बाई. तिच्यावरची कविता शाळेत शिकवली जात होती आणि लोखंडी दातांचे श्वापद तर बायबलमधल्या दानिएलच्या ग्रंथातही आहे. अशा भूतशोधाच्या मोहिमा त्या शहरातल्या मुलांनी कॉमिक्स येण्यापूर्वीही काढल्या होत्या. वर्टमची कागदपत्रे २०१० मध्ये अभ्यासकांना खुली झाली. कॅरल टिली यांनी ती तपासून २०१२ मध्ये दाखवून दिले, की त्याने कुमारवयीन रुग्णांच्या जबान्या बदलल्या होत्या, एकमेकींत मिसळल्या होत्या. आक्षेपाचा मुख्य पुरावाच असा डळमळीत निघाला. तरी संशय सरला नाही. ॲल्विन श्वार्ट्झ यांनी अमेरिकन लोककथांतून वेचलेल्या भयकथांचा पहिला संग्रह १९८१ मध्ये आला, आणि १९९० ते १९९९ या दशकात अमेरिकी ग्रंथालयांत सर्वाधिक आक्षेप याच मालिकेवर नोंदले गेले.

बीभत्सावर जगणाऱ्या भूतकथा असतात, हे मात्र नाकारू नये. रक्त आणि किंकाळी यांपलीकडे ज्यांत काही नाही असे लेखन वाईट आहे. पण ते वाईट आहे ते वाईट लेखन म्हणून. तेवढ्यासाठी सबंध प्रकार बाद करायचा, तर कोणताच साहित्यप्रकार शिल्लक राहणार नाही.

खंडन येथे संपते. पण भूतकथा अपायकारक नाही एवढ्याने ती कुमारांना द्यावीच असे ठरत नाही. ती का द्यावी याची स्वतंत्र कारणे आहेत.

पहिले कारण न्यायाचे. धाकट्या प्लिनीने पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या संधीवर लिहिलेल्या एका पत्रात अथेन्समधल्या झपाटलेल्या घराची हकिकत आहे. तत्त्वज्ञ अथेनोडोरस ते स्वस्तात भाड्याने घेतो आणि रात्री लिहीत बसतो. साखळ्या खळखळवत म्हाताऱ्याचे भूत येते, बोटाने खुणावते. तो हातानेच ‘थांब’ म्हणतो, हातातले लिहितो आणि मग दिवा घेऊन त्याच्यामागे जातो. अंगणात भूत अदृश्य होते. त्या जागी तो गवत-पाला टाकून खूण करतो. दुसऱ्या दिवशी खणल्यावर साखळदंडात अडकलेली हाडे निघतात, त्यांचे रीतसर दफन होते आणि घर शांत होते. नील गेमन यांच्या ‘द ग्रेव्हयार्ड बुक’ (२००८) या कादंबरीत भुतांनी वाढवलेला मुलगा हेच करतो. चेटकीण ठरवून मारलेल्या एका मुलीच्या कबरीवर दगडही नाही. तो काचेच्या पेपरवेटवर तिची आद्याक्षरे रंगवून तिथे ठेवतो. दोन कथांत एकोणीस शतकांचे अंतर आहे, पण गाभा एकच. भूत म्हणजे हिशेब न चुकलेला अन्याय, आणि तो चुकवणे जिवंतांचे काम.

मराठी लोकसमजुतीतली भुतेही हेच सांगतात. मुंज झालेला, पण लग्नाआधीच वारलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. गरोदरपणी किंवा बाळंतपणात गेलेली बाई अळवंत होते, हडळ होते. अकाली मेलेली मुले आणि बाळंतपणात दगावलेल्या बाया यांचे दुःख समाजाने इतिहासात फारसे नोंदवले नाही, ते भुतांच्या नावांत मात्र नोंदवून ठेवले. हडळीच्या गोष्टीतून चौदा वर्षांच्या वाचकाला ‘ती का मेली’ हा प्रश्न पडला, तर तो समाजाचा इतिहास विचारू लागला असे समजावे.

दुसरे कारण कुमारवयाच्या अनुभवाचे. आपल्याला दिसते ते मोठ्यांना दिसत नाही, आपण सांगतो ते त्यांना पटत नाही, हे या वयाचे रोजचे दुखणे. पेनेलोपी लाइव्हली यांच्या ‘द घोस्ट ऑफ थॉमस केम्प’ला १९७३ चे कार्नेगी पदक मिळाले. तिच्यात सतराव्या शतकातल्या मांत्रिकाचे भूत घरात उच्छाद मांडते आणि बोलणी खातो तो जेम्स हा मुलगा. फिलिपा पिअर्स यांच्या ‘टॉम्स मिडनाइट गार्डन’मध्ये (१९५८) टॉम आणि हॅटी एकमेकांना भूत समजतात. मग टॉमला उमगते, की घरमालकीण म्हातारी हीच ती मुलगी. प्रत्येक वृद्धात एक मूल दडलेले असते, हे शंभर उपदेशांनी पटत नाही, ते ही कथा पटवते.

तिसरे कारण मर्यादांच्या जाणिवेचे. एम. आर. जेम्स हे ईटन शाळेचे प्रमुख. त्यांनी १९२७ मध्ये शाळेच्या स्काउट मुलांना डॉर्सेटच्या किनाऱ्यावरील शिबिरात ‘वेलिंग वेल’ ही स्वतःची कथा वाचून दाखवली. कथाही स्काउटांच्या शिबिराचीच. नकाशावर लाल वर्तुळाने वर्ज्य ठरवलेल्या शेतात एक उद्धट मुलगा हट्टाने जातो आणि प्राणाला मुकतो. शाळेचा प्रमुख मुलांशी इतक्या स्पष्टपणे मर्यादेबद्दल आणि मृत्यूबद्दल बोलतो, हे त्यांच्या समजूतदारपणावर दाखवलेल्या विश्वासाचे लक्षण होय.

राहता राहिला निवडीचा प्रश्न. चांगल्या भूतकथेची कसोटी सोपी आहे. भुताच्या येण्याला कारण असावे, भीतीला अर्थ असावा, वाचकाच्या वयाला निवडीचे स्वातंत्र्य असावे आणि गोष्ट संपल्यावर गंडादोरा विकणाऱ्याच्या हाती नवे गिऱ्हाईक जाऊ नये. मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयकथा-गूढकथा समृद्ध केली. ती मुख्यतः मोठ्यांसाठी होती, तरी कुमारांनी ती मिळेल तिथून मिळवून वाचली. साहसकथेत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कुमारांच्या हक्काचा झाला. भूतकथेत तितका सर्वतोमुखी झालेला नायक मराठी मुलांना अजून मिळायचा आहे. मुंजा, चकवा, देवचार, वेताळ ही सामग्री कोकणात, गोव्यात, घाटावर मुबलक पडली आहे. लेखकांनी ती कुमारांसाठी लिहावी, मासिकांनी छापावी, शाळेच्या ग्रंथालयांनी फडताळात ठेवावी आणि शिक्षकांनी तिच्यावर वर्गात मोकळी चर्चा घडवावी. मुलांना भुताची गोष्ट नाकारल्याने भूत जात नाही, ते भोंदूंच्या ताब्यात जाते.