गच्चीवरच्या भरल्या मिरच्या

गेल्या थंडीत आम्हांस हैदराबादेस जाण्याचा योग आला. आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब नोकरीनिमित्त तेथील बरकतपुऱ्यात राहते. पतिपत्नींच्या विवाहास पंचवीस वर्षे पूर्ण व्हावयाची होती, आणि ‘फादर, तुम्ही आल्याशिवाय केक कापायचा नाही’ असा घरधनिणीचा निरोप तीनदा आला होता. तेव्हा आम्ही गेलो.

बरकतपुरा हा मोहल्ला काचिगुडा स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आहे. मराठी माणसाला ह्या बाजूस फारसे परके वाटत नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. शिक्षणासाठी, कोर्टकचेरीच्या कामासाठी तिकडची माणसे ह्याच शहरी येत आणि पुष्कळदा येथेच राहून जात. त्यांच्या मुलांसाठी १९०७ साली निघालेली विवेकवर्धिनी शाळा ह्या शहरात प्रसिद्ध आहे. आमच्या यजमानांच्या समोरच्या बिऱ्हाडी असेच एक नांदेडकडील देशस्थ कुटुंब राहते. खालच्या मजल्यावर एक मुसलमान कुटुंब आहे. वसईचे, नांदेडचे आणि हैदराबादचे असे तीन स्वयंपाक एकाच जिन्यात दरवळत असतात.

समारंभ शनिवारी होता. (शुक्रवार असता तर जे पुढे सांगणार आहोत त्यापासून आम्हीच दूर बसलो असतो.) घरातील थोरला मुलगा शिक्षणासाठी अमेरिकेत टेक्सासला असतो. तो रजेवर आला होता आणि जेवणापूर्वी पाहुण्यांच्या हाती द्यावयाचा पदार्थ आपणच करणार असे त्याने जाहीर केले होते. मिरचीच्या पोटात चीज भरावयाचे, तिच्याभोवती बेकनची पट्टी गुंडाळावयाची आणि ती धुरावर भाजावयाची, असा तो पदार्थ. घरधनिणीची सासू वसईहून आली होती, तिने ऐकले आणि म्हणाली, “म्हणजे भरली मिरचीच की. त्यासाठी विमानाने जायला कशाला पाहिजे?”

म्हातारी बोलली त्यात तथ्य आहे, आणि अमेरिकेच्याही बाजूने काही सांगण्याजोगे आहे. मिरची मूळची त्याच भूमीतली. ती आपल्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. तोवर आपला तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आले ह्यांच्यावरच चालत असे, आणि नव्या पाहुणीला नाव देताना आपल्या लोकांनी मिरीवरूनच ‘मिरची’ असे दिले. टेक्सासला वापरतात त्या जाड सालीच्या हिरव्या मिरचीस ‘हालापेन्यो’ म्हणतात. मेक्सिकोतील हालापा गावावरून हे नाव पडले. तिचा गर इतका जाड की उन्हात ती नीट वाळत नाही, कुजते. म्हणून तेथील जुन्या लोकांनी ती धुरावर वाळवण्याची रीत काढली. अशा वाळल्या मिरचीस ते ‘चिपोत्ले’ म्हणतात, आणि त्यांच्या नाहुआत्ल भाषेत त्याचा अर्थच मुळी ‘धुराची मिरची’ असा आहे. गोव्यात चोरिसो करताना मांस व्हिनेगर, लसूण आणि लाल मिरचीत मुरवून ऊन व धूर देतात आणि पावसाळ्यासाठी टांगून ठेवतात. तेथेही मिरची, डुक्कर आणि धूर एकत्र आलेच. हैदराबादेत तर निखाऱ्यावर तूप सोडून पातेल्यावर झाकण घालावयाचे आणि आतल्या पदार्थास धूर कोंडून द्यावयाचा, ह्यास ‘धुंगार’ असे स्वतंत्र नाव आहे. तात्पर्य, मुलाने आणलेला पदार्थ नवा असला तरी त्याचे तिन्ही भाग आपल्या ओळखीचे होते.

पण घरधनी आदल्या रात्री आमच्या खोलीत येऊन बसले ते वेगळ्याच चिंतेने. “फादर, पोरगा हौसेने करतोय, आईलाही डुकराच्या मांसाशिवाय सण वाटत नाही. पण पाहुण्यांत निम्मे लोक न खाणारे. बायको म्हणते, त्यांच्यासाठी कोंबडीच्या पट्ट्या गुंडाळून तशाच मिरच्या करू, म्हणजे ताटात सगळ्या सारख्या दिसतील, कोणाला वेगळे वाटणार नाही.”

‘सारख्या दिसतील’ हे शब्द ऐकताच आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली. ती आम्ही आजवर कोणास सांगितली नव्हती.

दहा-बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी एका घरच्या मेजवानीस आम्ही हजर होतो. तेथे अशाच दोन ताटांत दोन प्रकारचे मांसाचे तुकडे काड्यांना टोचून ठेवले होते. एक कोंबडीचा, एक डुकराचा. दिसावयास अगदी एक. यजमानांचे एक सहकारी, तरुण मुसलमान शिक्षक, आमच्या शेजारीच उभे होते. कोणते ताट कोणते हे आम्हांस ठाऊक होते. वाढणारा मुलगा चुकीचे ताट घेऊन आला आणि त्या गृहस्थांनी एक तुकडा उचलला. आम्ही बोलावयास हवे होते. आम्ही बोललो नाही. यजमानांचा चेहरा आनंदाने फुलला होता, चारचौघांत गोंधळ होईल, कदाचित आमचीच चूक होत असेल, असे काहीबाही मनाशी म्हणत आम्ही सरबताचा पेला तोंडास लावला. त्यांनी दुसराही तुकडा घेतला. तेवढ्यात घरातले एक लहान मूल मोठ्याने म्हणाले, “अंकल, हे तर पोर्क आहे!” ते गृहस्थ काहीच बोलले नाहीत. बशी खाली ठेवून नळाशी गेले, बराच वेळ चुळा भरल्या, यजमानांस सलाम केला आणि निघून गेले. पुन्हा ते त्या घराची पायरी चढले नाहीत. त्या दिवशी भोजनावर आशीर्वाद मागणारे आम्हीच होतो.

आमच्यात पुष्कळांस असे वाटते की आपल्याला जे वर्ज्य नाही ते दुसऱ्याने वर्ज्य मानणे हा त्याचा नुसता हट्ट. चारचौघांत कोणी असे बोलले तर आम्हांस त्या नळाचा आवाज ऐकू येतो.

घरधन्यांस आम्ही ही हकिगत सांगितली आणि म्हणालो की सारख्या दिसू देऊ नका. मुद्दाम वेगळ्या दिसू द्या. शिवाय कोंबडी घातली तरी ती हलाल आहे की नाही हा प्रश्न खालच्यांस पडणार, आणि समोरच्या देशस्थ काकूंस ती चालणारच नाही. तेव्हा दुसरी मिरची निर्मांस करावी, तिच्याभोवती काहीही गुंडाळू नये, आणि तिची सिगडी, चिमटा, जाळी, ताट सारे निराळे असावे. डुकराची चरबी निखाऱ्यावर ठिबकते आणि तिचा धूर उठतो. एकाच जाळीवर दोन्ही मिरच्या ठेवून ‘ही शाकाहारी’ म्हणणे हे खरे बोलणे नव्हे. घरधनी तेथूनच खाली गेले आणि शेजाऱ्यांस सांगून आले की उद्या गच्चीवर अमुक अमुक शिजणार आहे, खिडक्यांकडे धूर आला तर सांगा, सिगडी पलीकडच्या कठड्याशी नेऊ. हे आम्ही सुचविले नव्हते.

आता कृती. आमच्या वाचक भगिनींस ती हवी असेल.

मिरची भावनगरी घ्यावी, भज्यांची मोठी, फिकट हिरवी. देठ ठेवून एका बाजूस उभी चीर द्यावी; टोक चिरू नये, नाहीतर सारण गळते. आतला पांढरा गाभा बोटाने सोडवून काढावा. तिखटपणा बियांत असतो असे आपण समजतो. तो खरोखर ह्या पांढऱ्या गाभ्यात असतो आणि बियांस त्याच्या संगतीने लागतो. ह्या कामाआधी हातास तेल चोळावे. आम्ही मदतीच्या उत्साहात दहा मिरच्या साफ केल्या आणि मग चष्मा वर करून डोळा चोळला. पुढील पाऊण तास आम्ही काय केले हे सांगण्यासारखे नाही. सासूबाईंनी दूध आणून दिले. मिरचीतील तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. म्हणूनच ह्या मिरचीत चीज भरतात आणि बाहेरून चरबीची पट्टी गुंडाळतात. जीभ भाजत नाही, नुसती जागी होते.

एका भागासाठी सारण असे : किसलेले चीज, ठेचलेली लसूण, मिरपूड, आणि हवा असल्यास डुकराचा खिमा. खिमा आधी पुरता शिजवून, थंड करूनच भरावा. ह्या बाबतीत घाई करू नये. कच्च्या डुकराच्या मांसातून पट्टकृमीचा उपद्रव होतो, आणि त्या कृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन झटके येतात. आपल्या देशात हा आजार दुर्मीळ नाही. बेकनची पट्टी पातळ असावी. जाड पट्टी आत पांढरी राहते आणि तोवर मिरचीचा चेंदा होतो. पट्टी मिरचीस तिरकी गुंडाळून दोन्ही टोके पाण्यात भिजवलेल्या दातकोरणीने टोचावी. बेकन आधीच खारट असते. सारणात मीठ घालू नये. मुलाने घातले होते. पहिला घाण सासूबाईंनी चाखून एक शब्दही न बोलता बाजूस सारला.

दुसऱ्या भागासाठी भाजलेले तीळ, दाण्याचे कूट, चिंचेचा दाट कोळ, थोडा गूळ, जिरे, मीठ. हा विचार देशस्थ काकूंचा. हैदराबादेत बिर्याणीबरोबर मिरचीचे जे सालन करतात त्यातही तीळ, दाणे आणि चिंच असतातच. मराठवाड्यातील भरल्या वांग्याचे सारण त्याचे सख्खे भावंड आहे. ह्या मिरच्यांस बाहेरून तेलाचा हात लावावा.

धुरासाठी लाकडी कोळसा पेटवून सिगडीच्या एका बाजूस सारावा, मिरच्या दुसऱ्या बाजूस ठेवाव्या, वर मोठे खोल झाकण घालावे आणि धूर फिरण्यास त्यास थोडी फट ठेवावी. निखाऱ्यावर आंब्याच्या किंवा पेरूच्या सुक्या लाकडाचे दोन-तीन तुकडे टाकावे. रंग दिलेले लाकूड, प्लायवुड, खोक्यांच्या फळ्या कदापि नकोत. धूर पांढरा आणि दाट येत असेल तर थांबावे. त्याने पदार्थ कडू होतो. तो पातळ व निळसर झाला की मिरच्या ठेवाव्या. आच साधारण १२० अंश सेल्सिअस राहिली तर तासा-सव्वातासात बेकन तांबूस होते. निर्मांस मिरच्यांस अर्धा तास पुरतो. शेवटी कुरकुरीतपणासाठी दोन मिनिटे थेट निखाऱ्यावर धरल्या तरी चालते, पण चिमटा हातातून सोडू नये, चरबी भडकते. भडकली तर पाणी ओतू नये. मिरची बाजूस घ्यावी आणि झाकण घालावे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. खारवलेले, धुरावलेले मांस वरचेवर खाणे हितकर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ साली अशा मांसास कर्करोगाच्या निश्चित कारणांत घातले आहे. पंचवीस वर्षांनी एकदा दोन मिरच्या खाल्ल्या तर आमची हरकत नाही. दर रविवारी न्याहारीस बेकन मागणाऱ्या घरांस मात्र आमची हरकत आहे.

संध्याकाळी गच्चीवर दोन टेबले मांडली. एकावर पितळी थाळी, दुसऱ्यावर केळीची पाने. पितळी थाळीपुढे मुलाने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत मराठी, इंग्रजी आणि उर्दूत लिहून ठेवले होते : ‘ह्यात डुकराचे मांस आहे.’ उर्दू ओळ खालच्या घरातील मुलीने लिहून दिली होती. सासूबाईंस ती पाटी मुळीच आवडली नाही. “आपल्या घरच्या जेवणाला पाटी लावायची? दुकान आहे का हे?” असे त्या दोनदा म्हणाल्या, आणि त्यांचे दुःख आम्ही समजू शकतो. वसईत त्यांच्या अंगणात कोणी काय खातो हे सर्वांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते; तेथे पाटी लागत नाही. येथे जिनाच एक आहे, आठवणी मात्र निराळ्या.

खालच्या बेगमसाहेबा वर आल्या, पाटीजवळ क्षणभर थांबल्या, आणि घरधनिणीस म्हणाल्या, “पैले बोल दिये, अच्छा करे.” मग केळीच्या पानावरची एक मिरची उचलून त्यांनी ती देठापर्यंत संपवली. काकूंनी त्यांस विचारले, चिंच जास्त झाली का. त्या म्हणाल्या, चिंच बरोबर आहे, तीळ कमी पडले. त्यावर दोघींचे जे बोलणे सुरू झाले ते केक कापेपर्यंत चालले होते, आणि सासूबाई कधी त्यांच्यात जाऊन बसल्या हे आम्हांस कळलेही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा खालून एक डबा आला. प्रवासासाठी सालन दिले होते. त्यात तीळ खरोखरच जास्त होते.