आईची जात कोणत्या रकान्यात?

येत्या जनगणनेत प्रत्येकाची जात नोंदवण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. समाजवादी चळवळीची ही जुनी मागणी. १९३१ नंतर सर्व जातींचे आकडे देशापुढे आलेले नाहीत आणि आकड्यांवाचून सामाजिक न्यायाची भाषा अधांतरी राहते. तेव्हा या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. मात्र स्वागताच्या गडबडीत एक प्रश्न मागे पडू नये. आई एका जातीची, बाप दुसऱ्या जातीचा, अशा घरातल्या मुलाच्या नावापुढे प्रगणक काय लिहिणार?

रूढ उत्तर ठरलेले आहे: बापाची जात. जातीच्या दाखल्याला आणि त्याच्या पडताळणीला पुरावे लागतात ते बाप, आजा, चुलता यांचे. आई त्या कागदांत जणू नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये, क्षत्रिय पिता व आदिवासी माता यांच्या मुलाच्या खटल्यात, बापाची जात हे गृहीत अंतिम नसल्याचे सांगितले. मूल आईच्या समाजात वाढले, त्या समाजाच्या वाट्याची अवहेलना त्याने सोसली, हे त्याला सिद्ध करता आले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे. हा निकाल तहसील कचेरीच्या खिडकीपर्यंत पोचवणे हे शासनाचे काम होते.

नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरात, हा प्रश्न नवा नाही. हे शहर वसवले मलिक अहमदने, १४९० मध्ये. त्याचा बाप मलिक हसन जन्माने ब्राह्मण कुळातला, बहामनी दरबारात मुसलमान झालेला. पुढे मोगलांच्या रेट्यात निजामशाही तोलून धरली ती मलिक अंबरने. तो हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला. जहांगीर बादशहाने आत्मचरित्रात त्याच्या काळ्या रंगाचा उद्धार केला. शहाजीराजे मात्र १६२४ साली भातवडीच्या रणात त्याच्याच बाजूने लढले. अशा मिश्र रक्ताच्या दरबारात वर्णाचा ताठा नसावा असे कोणासही वाटेल. पण अंबरने आपली मुलगी दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला दिली, तेव्हा सुलतानाच्या इराणी राणीने या सवतीला गुलामाची पोर म्हणून हिणवल्याचे डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुके याने लिहून ठेवले आहे. त्याच्या वृत्तांतानुसार हा कलह इतका विकोपाला गेला की अंबरने १६१० मध्ये सुलतानाला आणि त्या राणीला विष देवविले. सोयरीक झाल्याने राजवाड्यातला वर्णगंड गेला नाही, मग गावकुसातला कसा जावा?

तो गेलेला नाही, याचे दाखले याच जिल्ह्यात आहेत. नेवासे तालुक्यातील सोनई येथे १ जानेवारी २०१३ रोजी तिघा मेहतर तरुणांची हत्या झाली; कारण प्रेमसंबंध. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला, सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून, हालहाल करून मारण्यात आले. सोनईच्या खटल्यात २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार उलटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले. हे सारे ज्या महाराष्ट्रात घडले, ते राज्य आंतरजातीय जोडप्यांना पन्नास हजार रुपयांचे अनुदान देते. त्याच राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांवर नजर ठेवणारी समितीही नेमली होती. ओरड झाली तेव्हा आंतरजातीय विवाह वगळले, आंतरधर्मीय तेवढे ठेवले. पुरोगामीपणाचा हिशेब असा दोन वह्यांत चालतो.

मिश्र माणसाचे काय करायचे, हा प्रश्न इतर देशांपुढेही आला. बोअर युद्धातले कैदी इंग्रजांनी हिंदुस्थानात ज्या ठिकाणी आणून ठेवले, त्यांत नगरही होते. त्याच बोअरांच्या पुढल्या पिढीने दक्षिण आफ्रिकेत १९४९ साली मिश्रविवाहांना बंदी केली आणि १९५० च्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाचा वंश सरकारी दप्तरात डांबला. तिथे अधिकारी केसांत पेन्सिल अडकते का ते पाहून माणसाचा वंश ठरवीत. सख्खी भावंडे निरनिराळ्या वर्गांत पडत. अमेरिकेत १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने मिश्रविवाहबंदी रद्द केली, तोवर सोळा राज्यांत ती जारी होती. त्याच देशाने २००० च्या जनगणनेत नागरिकाला एकाहून अधिक वंश सांगण्याची मुभा दिली आणि ६८ लाख लोकांनी ती घेतली. एकीकडे अधिकाऱ्याने माणसावर शिक्का मारला, दुसरीकडे माणसाने आपली ओळख आपल्या तोंडाने सांगितली. आपल्या जनगणनेने यांतली कोणती वाट धरायची ते आता ठरवायचे आहे.

डॉ. लोहियांना १९६४ मध्ये मिसिसिपीतील जॅक्सन येथे गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात शिरू पाहिले म्हणून अटक झाली. त्याच लोहियांनी, द्विज-शूद्र विवाह ही सरकारी नोकरीची एक पात्रता मानावी, अशी सूचना मांडली होती. तेव्हा ती अनेकांना विक्षिप्त वाटली. तीतले मर्म असे की ज्या विवाहामुळे जात मोडते, त्याचे ओझे राज्याने त्या घरावर टाकू नये. आज ते ओझे त्या घरातल्या मुलावर पडते.

दलित व आदिवासी कार्यकर्त्यांना एक भीती वाटते आणि ती खोटी नाही. दुहेरी नोंद दिली तर सवर्ण घरात सुखाने वाढलेली मुले आईच्या जातीवर राखीव जागा बळकावतील, असे ते म्हणतात. परंतु जनगणनेतली नोंद म्हणजे दाखला नव्हे. दाखल्यासाठी २०१२ च्या निकालाची कसोटी आहेच: मूल कुठे वाढले, त्याने काय सोसले.

तेव्हा जनगणनेच्या पत्रकात आईची आणि बापाची जात स्वतंत्रपणे लिहिण्याची सोय हवी. ज्याला जात सांगायचीच नाही त्याचा तो नकारही नोंदला जावा, आणि प्रगणकाने विचारणा घरातल्या बाईलाही करावी. १ मार्च २०२७ हा जनगणनेचा संदर्भदिन ठरला आहे. पत्रके छापली जाण्यापूर्वी ही मागणी जिल्ह्याजिल्ह्यातून दिल्लीला गेली पाहिजे, आणि ती पहिल्याने सोनई-खर्ड्याच्या जिल्ह्यातून जावी.