कराच्या पावतीने फोडलेले घर

लुईझ अर्ड्रिच यांच्या ‘ट्रॅक्स’ (१९८८) या कादंबरीत नॉर्थ डकोटातील चिप्पेवा स्त्री फ्लर पिलेजर हिची जमीन लाकूड कंपनीच्या घशात जाते. पण खरा घाव घरातूनच बसतो. सर्वांनी मिळून साठवलेला पैसा मार्गारेट व नेक्टर केवळ कॅशपॉ घराण्याच्या जमिनीसाठी भरतात. मात्र त्यांना निव्वळ स्वार्थी ठरवणे अन्यायाचे होईल. १८८७च्या डॉज कायद्याने सामायिक भूमीचे व्यक्तिगत तुकडे पाडले आणि आप्तांनाच प्रतिस्पर्धी केले.

सरकारी कागदाला आपले नाव न देणारा वृद्ध नानापुश अखेर त्याच कागदांच्या बळावर नातीसमान लुलूला सरकारी शाळेतून परत आणतो. भूमी हरपली, तरी नाते राखता येते, हेच या कादंबरीचे मर्म होय.